चढताना नाही, उतरतानाच

आमच्या पिकअपची तक्रार अशी होती. मालशेज घाट उतरताना मध्येच मीटरचे काटे खाली पडायचे, हेडलाईट पिवळी व्हायची, वायपर रेंगाळायचा, इंजिनचा दिवा लागायचा आणि मग गाडी ओढच घ्यायची नाही. बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हा फिरवली की सगळं जागच्या जागी. पुढे मुरबाड, कल्याण, शीळफाटा, थेट वाशी मार्केटपर्यंत काही नाही. येताना रिकामी गाडी तोच घाट चढायची, तेव्हाही काही नाही. आणि गॅरेजमध्ये नेऊन उभी केली की अशी गुणी वागायची की तक्रार सांगणाराच खोटा पडायचा.

गाडी घरचीच. सीझनला नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरायचे. वीस किलोचे सत्तर-पंचाहत्तर क्रेट, म्हणजे दीड टनाच्या आसपास. वरून ताडपत्री आवळायची आणि आळेफाटा-ओतूर करत अंधार पडताना घाटाला लागायचं. चालवतो माझा धाकटा चुलतभाऊ. माझा स्वतःचा धंदा मोटार रिवायंडिंगचा: विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, स्टार्टर. तांब्याच्या तारेशी रोजची ओळख, पण ती थ्री फेजची. गाडीची बारा व्होल्टची वायरिंग मी कधी मनावर घेतली नव्हती. ज्याचं काम त्याने करावं, असं आपलं साधं धोरण.

पण जुलै-ऑगस्टमध्ये मालशेजला धुकं असं उतरतं की स्वतःच्या बोनेटच्या पुढचं दिसत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वरून धबधब्याचं पाणी रस्त्यावर, आणि त्यात सेल्फी काढणारी पोरं. अशा ठिकाणी हेडलाईट मंद होणं आणि वायपर थांबणं परवडत नाही. म्हणून ‘बघू पावसाळ्यानंतर’ म्हणता येत नव्हतं.

सुरुवातीला जे सगळ्यांच्या गाडीचं होतं तेच झालं. काटे पडतात म्हणजे बॅटरी गेली. बॅटरी तशीही तीन वर्षांची होती, बदलली. दोन-तीन खेपा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग डायनमो. आमच्याकडे अल्टरनेटरला अजून डायनमोच म्हणतात. तो उतरवून कार्बन ब्रश नवे, रेग्युलेटर नवा, बेअरिंग नवं. पुन्हा थोडे दिवस बरं. मग कोणीतरी मेन रिले बदलून दिला. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टची ही मोठी फसवणूक असते. फॉल्ट स्वतःच्या मर्जीने येतो आणि जातो, त्यामुळे काहीही बदललं तरी काही दिवस गुण आल्यासारखा वाटतो. ज्याने शेवटचा पार्ट बदलला त्याला वाटतं आपणच गाडी बरी केली.

याच फेऱ्यात एका मेकॅनिकने इंजिन चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह पट्टा सोडायला हात घातला. गाडी चालू राहिली तर डायनमो चांगला, बंद पडली तर खराब, ही जुनी परीक्षा. जुन्या पंपाच्या डिझेल गाडीला ती चालून जायची. आता गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आहे. चार्जिंग चालू असताना बॅटरी एकदम तोडली तर अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर बारा व्होल्टच्या कितीतरी पट उसळतो आणि तो झटका पोचतो थेट इलेक्ट्रॉनिक्सला. मी त्याचा हात धरला. तो जरा रागावला, पण तो हात धरला नसता तर पुढची गोष्ट फार महागाची झाली असती.

मग मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि तीन कोड निघाले. पी ०५६२, म्हणजे सिस्टीमचा व्होल्टेज कमी. पी ०३३५, क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये गडबड. आणि यू ०१००, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी बाकीच्या मॉड्यूलचा संपर्क तुटला. कोड पुसले, गाडी फिरवून आणली, काही आलं नाही. सल्ला असा मिळाला की क्रँक सेन्सर बदलून बघू, नाही तर ईसीयू. ईसीयूचा आकडा ऐकून मी गाडीची चावी मागून घेतली.

घरी येऊन त्या तीन कोडचा कागद समोर ठेवून बसलो. मोटारीच्या धंद्यात एक सवय लागते. एकाच विहिरीवरच्या तीन मोटारी एकदम तक्रार करायला लागल्या तर मी एकही मोटार खोलत नाही, आधी पोलावर बघतो. इथे तसंच होतं. क्रँक सेन्सर, कम्युनिकेशन आणि व्होल्टेज, या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तिन्ही एकदम बिघडायची शक्यता फार कमी. मग तिघांना सामाईक काय? एक तर त्यांना येणारा पॉझिटिव्ह, नाही तर परत जाणारा निगेटिव्ह. पॉझिटिव्हच्या बाजूला फ्यूज, रिले, सगळं तपासून झालं होतं. निगेटिव्हकडे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण निगेटिव्ह म्हणजे बॉडी, आणि बॉडी काय, लोखंडच तर आहे.

आळेफाट्याला एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, आत भिंतभर जुने हार्नेस, म्हणजे गाड्यांच्या वायरींचे जुडगे, टांगलेले. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी धाकट्याला स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायला लागले. कुठे होतं? पाऊस असतानाच होतं का कोरड्यातही? गाडी भरलेली असते का? त्या वेळी काय काय चालू असतं? कितव्या गिअरमध्ये? पाय कशावर असतो?

हे शेवटचं ऐकून धाकटा जरा थांबला. मग म्हणाला, “चाचा, तिसऱ्या नाही तर दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असतो. पाय रेसवर नसतोच. आणि एक सांगू का, क्लच दाबला ना, की कधीकधी काटे आपोआप वर येतात.”

“हे आधी कोणाला सांगितलं होतंस?”

“सांगितलं होतं की. ते म्हणाले क्लचचा आणि करंटचा काय संबंध.”

चाचांनी माझ्याकडे बघितलं. “तुला दिसतोय का संबंध?” मला तेव्हा दिसला नव्हता. त्यांनी लगेच सांगितलंही नाही. “आठ दिवस लिहून ठेव,” म्हणाले. “प्रत्येक वेळी जागा, गिअर, पाऊस, लाईट, ब्लोअर. गाडी सुधारायला नको, नुसतं लिही. आणि धुक्यात जास्त झालं तर तिथे थांब, जबरदस्ती करू नकोस.”

धाकट्याने मार्केटच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली. त्याचं अक्षर म्हणजे आनंद आहे, पण नोंदी चोख. वाचल्यावर तीन गोष्टी उघड दिसल्या. एक, फॉल्ट फक्त उतारावर, तेही गाडी गिअरमध्ये राहून इंजिनने आवळत असताना. न्यूट्रलला किंवा क्लच दाबल्यावर एकदाही नाही. दोन, हेडलाईट, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, हे तिन्ही चालू असताना जवळजवळ हमखास, आणि एकटी हेडलाईट असताना क्वचित. तीन, पाऊस नसलेल्या रात्रीही एकदा झालं होतं. म्हणजे पाणी शिरून काही होतंय हा माझा आवडता संशय तिथेच मागे पडला. पावसात जास्त होत होतं ते पाण्यामुळे नाही, पावसात सगळंच चालू असतं म्हणून.

वही घेऊन पुन्हा चाचांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी मला एक गंमत दाखवली. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे हेडलाईटचा जुना बल्ब. होल्डरला दोन हात वायर, टोकांना मगर क्लिपा. त्यांनी एका जाड वायरच्या सगळ्या तारा कापल्या, केसासारखी एकच तार ठेवली. त्या वायरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावलं. दुसऱ्या टोकाला माझा मीटर लावला: १२.५८. उत्तम. मग त्याच टोकाला बल्ब लावला. बल्ब लागला नाही. फिलामेंट क्षणभर नुसतं लालसर झालं आणि ती एक तार एवढी तापली की तिच्यातून बारीक धूर आला आणि ती तुटली.

“मीटर काय दाखवत होता?” चाचा म्हणाले. “साडेबारा. मग बल्ब का नाही लागला?”

हे मला पुस्तकातून माहीत होतं, डोळ्याने मात्र असं कधी बघितलं नव्हतं. डिजिटल मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहमचा. एक तार उरली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतो. पाइपलाईनचा व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेज पूर्ण आकडा दाखवतं, पाणी किती येतंय ते व्हॉल्व्ह उघडल्यावरच कळतं, तसं. हेडलाईटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर ओढतो, तेव्हा वायरीचं खरं रूप बाहेर येतं. आणि ओहमवर मीटर लावून तरी काय कळणार? गाडीच्या जाड केबलमध्ये ०.१ ओहमसुद्धा घातक असतो आणि मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो. ज्या अंतराची चूक शोधायची ते अंतर पट्टीच्या जाडीतच हरवून जातं.

म्हणून तपासायचं ते करंट वाहत असताना, आणि तपासायचा तो व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरीतच हरवणारा व्होल्टेज. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, पट्ट्यावर नाही, शिशाच्या खांबावरच. दुसरी पिन ज्या बोल्टला ईसीयूचा आणि डॅशचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे परतीची निगेटिव्ह वायर) जातो त्यावर. दोन्ही निगेटिव्हच, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. ०.१ पर्यंत चालतो, ०.२ झाला की शंका घ्यायची.

इंजिन चालू, हेडलाईट अप्परला, ब्लोअर फुल, वायपर चालू. आकडा: ०.१४. थोडा जास्त, पण गाडी मारेल एवढा नाही. मी निराश झालो. चाचा नाहीत झाले.

“आता क्लचची गोष्ट आठव,” ते म्हणाले, आणि लांब टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन बोनेटमध्ये वाकले. टॉमी चेसिसवर टेकवून त्यांनी इंजिन उजवीकडे ढकललं, रेस दिल्यावर जसं झुकतं तसं. ०.१२. मग डावीकडे ढकललं.

२.६७.

सोडलं, ०.१४. ढकललं, २.७१. समोर भिंतीवर पडलेला हेडलाईटचा झोत मीटरच्या आकड्याबरोबर खालीवर होत होता. डॅशमधले काटे थरथरले. नारायणगावला क्रेट भरायला निघालेला धाकटा उभ्याउभ्या “हेच, दादा, हेच” म्हणायला लागला.

आता क्लचचा आणि करंटचा संबंध. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. गाडी ओढत असताना इंजिन चाकांना फिरवतं आणि त्याच्या प्रतिक्रियेने स्वतः एका कुशीला झुकतं. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की उलटं होतं: चाकं इंजिनला फिरवतात, आणि इंजिन दुसऱ्या कुशीला झुकतं. क्लच दाबला की दोघांचा संबंध सुटतो आणि इंजिन मधोमध येऊन बसतं. आमच्या गाडीचं डाव्या बाजूचं माउंटिंग चेपलं होतं, त्यामुळे हा झोका नेहमीपेक्षा जास्त होता. मागे दीड टन माल असताना उतारावर ते वजन इंजिनला अजून जोरात आवळायला लावायचं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला असा उलटा झोका कोण देणार? म्हणून तिथे फॉल्ट कधीच आला नाही, आणि रिकाम्या गाडीने चढतानाही आला नाही.

इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये अर्थचा एक पट्टा असतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल आमच्या गाडीत थेट इंजिनला जाते. तिथून एक वेगळी जाड वायर डॅशमागच्या पत्र्याला, तोच हा पट्टा. सेल्फला लागणारा भलामोठा करंट पहिल्या केबलमधून जातो, आणि ती ठणठणीत होती. म्हणून सेल्फ कायम दणक्यात लागायचा आणि सगळे म्हणायचे, अर्थ चांगला आहे, नाही तर सेल्फ लागला असता का. पण हेडलाईट, वायपर, ब्लोअर, डॅश आणि ईसीयू या सगळ्यांचा परतीचा करंट बॉडीतून त्या दुसऱ्या वायरने इंजिनकडे जातो. पावसात रात्री तो २५-३० अँपिअरच्या आसपास होतो. त्या वायरीत ०.१ ओहम आला की गेले अडीच-तीन व्होल्ट. फक्त हेडलाईट असेल तर एक व्होल्ट, कोणाला कळणारही नाही. धाकट्याच्या वहीतली दुसरी नोंद म्हणजे हेच.

स्कॅनरचा पहिला कोडही आता बरोबर बसला. चाचांच्या पुतण्याकडे छोटा स्कॅनर आहे, तो लावून टॉमीने इंजिन डावीकडे ढकलून धरलं. बॅटरीच्या खांबांवर मीटर दाखवत होता १४.२, आणि त्याच क्षणी स्कॅनरच्या पडद्यावर ईसीयू सांगत होता ११.५. दोघंही खरं सांगत होते. ईसीयू व्होल्टेज मोजतो तो स्वतःच्या निगेटिव्हपासून, आणि त्याचा निगेटिव्हच पावणेतीन व्होल्ट वर उचलला गेला होता. बॅटरीवाल्याने, डायनमोवाल्याने, सगळ्यांनी मोजलं होतं ते बॅटरीवर. तिथे काही बिघडलंच नव्हतं. आणि वायर पुरती सुटायची त्या क्षणी ड्रॉप याहून मोठा होत असणार, तेव्हाच क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटायचा आणि ईसीयूचा संपर्क जायचा.

पट्टा काढला. वरून नवा कोरा दिसत होता. काळं इन्सुलेशन, कुठे चीर नाही, बोल्ट घट्ट. थिंबलपासून, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीपासून, दोन बोटांवर मी वायर वाकवली तर ती चिंधीसारखी दुमडली. चाकूने इन्सुलेशन उभं चिरलं. आत तांबं काळपट-हिरवं, आणि थिंबलच्या तोंडाशी जवळजवळ सगळ्या तारा तुटलेल्या. टोकं एकमेकांना टेकलेली, बस्स. इंजिन एका बाजूला झुकलं की टोकं टेकायची, दुसऱ्या बाजूला झुकलं की सुटायची. वायर मुळातच आखूड होती, झोक्यासाठी ढील नव्हती, आणि माउंटिंग बसल्यावर प्रत्येक झोक्याला ती ताणली जात होती.

चाचा म्हणाले, जुन्या गाड्यांना हा पट्टा तुटला की रेसची केबल लाल व्हायची, कारण करंट जाणार कुठून, तो मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो. काही गाड्यांच्या क्लच केबली वितळलेल्या त्यांनी पाहिल्यात. आमच्या गाडीत तेवढं झालं नव्हतं, पण वायर तुटत असताना थोडा करंट गिअरच्या केबलींतून जात असणार असा त्यांचा अंदाज होता, कारण त्यांच्या टोकांचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. मला तो पटला. त्या केबलीही सीझन संपल्यावर बदलल्या.

नवी वायर मी स्वतः बनवली. हे माझ्या हातचं काम. २५ स्क्वेअर एमएमची मऊ, बारीक तारांची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. सबमर्सिबलच्या केबलींना मी रोज तेच करतो. एका मित्राचा सल्ला होता की वर डाग (सोल्डर) पण देऊन टाक, पक्कं होईल. नाही दिला. डाग तारांमध्ये वर चढतो, तिथवर वायर कडक होते, आणि थरथरणाऱ्या जागी डाग जिथे संपतो नेमकी तिथेच ती पुन्हा तुटते. नीट दाबलेला थिंबल पुरेसा असतो. वरून गोंदवाली हीट श्रिंक स्लीव्ह, हवा-पाणी आत जायला नको म्हणून. लांबी आधीपेक्षा वीतभर जास्त, एक वळसा मोकळा.

बसवताना जास्त वेळ गेला तो पत्रा साफ करण्यात. बोल्टखाली कंपनीचा रंग, वर वर्कशॉपमध्ये कधीतरी मारलेला काळा गंजरोधक, त्यावर तेलाची साय. पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर टाकला, बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली नंतरच. आधी लावून वर बोल्ट आवळणारे खूप आहेत. माउंटिंगचा जोड नवा बसवला.

पुन्हा तेच सगळं चालू करून मीटर लावला: ०.०४. टॉमीने इंजिन दोन्हीकडे हलवलं: ०.०४. पण टॉमी म्हणजे घाट नव्हे. म्हणून पिनांना लांब वायरी जोडून, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्याच्या, रबरातून ओढून, मीटर कॅबिनमध्ये आणला. पुण्याला तपकीर गल्लीतून घेतलेला हा मीटर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा लक्षात ठेवतो. ती सोय मला तोवर फुकटची वाटायची. धुकं होतं, पाऊस होता, सत्तर क्रेट होते, आणि या वेळी शेजारच्या सीटवर मी बसलो होतो, मांडीवर मीटर. घाटमाथ्यापासून खाली सपाटीला येईपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, सगळं चालू ठेवून. सर्वांत मोठा आकडा ०.०६. धाकट्याने मधूनच विचारलं, “दादा, बोगदा आला तरी तू वर बघितलं नाहीस.” खरंच नव्हतं बघितलं.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीने गेली नाही. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर मिणमिणायचा. मधल्या काळात सगळे त्याला याच फॉल्टचा भाग समजत होते, आणि त्यामुळे सगळ्यांचा तपास भरकटला होता. एका गाडीत दोन फॉल्ट एकाच वेळी असू शकतात, हे माणूस धरून चालत नाही. लक्षणं जोडायची हौस असते. ते प्रकरण स्वतंत्र निघालं आणि एका तासात संपलं. मागच्या दिव्याचा अर्थ गेला होता, त्यामुळे ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा वाट शोधत होता. कपलर (वायरींचा प्लग) उघडला तर एक पिन हिरव्या पावडरीत बुडालेली. मागच्या चाकाचं पाणी थेट तिथे उडतं. पिन बदलली, अर्थची वायर चेसिसच्या दुसऱ्या बोल्टला नेली, कपलरचं तोंड खाली केलं.

हिशोब सांगायचा तर केबल, थिंबल, स्लीव्ह मिळून पाचशेच्या आत, माउंटिंग वेगळं, आणि चाचांनी मजुरी मागितली ती सांगायला मला संकोच वाटतो, म्हणून मी त्यांच्या शेडमधली दोन जुन्या एक्झॉस्ट पंख्यांच्या मोटारी रिवाइंड करून दिल्या. बॅटरी आणि डायनमोवर त्याआधी जे गेलं ते गेलं. डायनमोचं बेअरिंग तसंही वाजत होतं, एवढंच समाधान.

आता धाकट्याच्या ओळखीचे दोघे-तिघे पिकअपवाले येतात, “तो मीटर लाव ना जरा” म्हणत. पाच मिनिटांचं काम आहे: सगळे दिवे, ब्लोअर, वायपर चालू, पिना बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि डॅशमागच्या बोल्टवर, आणि इंजिनला टॉमीने दोन्ही बाजूंना एकेक ढकला. परवा एका कोथिंबीर वाहणाऱ्या गाडीचा आकडा ०.३१ आला. तिला अजून कसलीही तक्रार नव्हती. मालक म्हणाला, तक्रार आल्यावर बघू. मी त्याला आमचा चिरलेला जुना पट्टा हातात दिला, वाकवून बघ म्हटलं. त्याने वाकवला, आणि गाडी तिथेच ठेवून चहाला गेला.